आयबीएससाठी संमोहन उपचार: कुणाला लागू पडतो, कुठे थांबायचं?

सिन्नरफाटा

नमस्कार मंडळी. प्रश्न धाकट्या भावासाठी आहे. वय 34, नाशिकच्या अंबड एमआयडीसीत नोकरी, दर आठवड्याला शिफ्ट बदलते. चार वर्षांपासून पोटाचा त्रास आहे. मुरडा येतो, दिवसातून चार-पाच वेळा जावं लागतं, कामावर निघायच्या आधी तर हमखास. पोटाच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी, साधी रक्ततपासणी, थायरॉइड आणि दोन वर्षांपूर्वी कोलोनोस्कोपी (दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी) करून आयबीएस, म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम (आतड्याच्या कामातला बिघाड), असल्याचं सांगितलं. मुरड्यावरचं मेबेव्हेरिन झालं, प्रोबायोटिक झालं, सध्या रात्री ॲमिट्रिप्टिलिन 10 मिग्रॅ चालू आहे. झोपेसाठी वर्षभरापासून क्लोनाझेपाम 0.5 पण घेतो. फरक आहे, पण अर्धवट. गेल्या तीन महिन्यांत तीनेक किलो वजन उतरलंय. बाहेरचं खाणं बंद केल्यामुळे असं त्याचं म्हणणं.

शहरातल्या एका संमोहन केंद्राने 12 सिटिंगचं पॅकेज सांगितलंय, पैसे आगाऊ. शंभर टक्के गुण येईल म्हणतात. पाचव्या सिटिंगला पूर्वजन्मात नेऊन मूळ कारण शोधणार, आणि पहिल्या दिवसापासून सगळ्या गोळ्या बंद करायच्या.

माझे प्रश्न असे. आयबीएसमध्ये संमोहनाचा खरंच उपयोग होतो का? सिटिंगमध्ये नेमकं काय करतात? आणि हे करणारा माणूस योग्य आहे की नाही, हे आमच्यासारख्यांनी कसं ओळखायचं? शिफ्टच्या धबडग्यात हे जमेल का, तेही सांगा.

मनोविश्व

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून लिहिते. ज्या थोड्या आजारांत संमोहनाचा पुरावा चांगला आहे, त्यात आयबीएस अगदी वरच्या रांगेत आहे. पण तुम्हाला सांगितलेलं पॅकेज म्हणजे तो उपचार नव्हे.

पोटावर केंद्रित संमोहनाचा पहिला नीट अभ्यास मँचेस्टरच्या डॉ. पीटर व्होरवेल यांनी 1984 मध्ये छापला. त्याच गटाने 2003 मध्ये 204 रुग्णांचा पाठपुरावा मांडला: 71 टक्के लोकांना सुरुवातीला गुण आला आणि त्यांच्यापैकी 81 टक्क्यांमध्ये तो टिकून राहिला. हे आकडे एका तज्ज्ञ केंद्राचे आहेत. नेदरलँड्समध्ये अनेक रुग्णालयांत मिळून झालेल्या आणि 2019 मध्ये छापलेल्या चाचणीत तीन महिन्यांनी समाधानकारक आराम सुमारे 40 टक्के लोकांना मिळाला. नुसती माहिती आणि आधार दिलेल्या गटात तो 17 टक्क्यांच्या आसपास होता. घरच्यांना सांगताना मी हा दुसरा आकडा धरते. दहातल्या चौघांना बऱ्यापैकी फरक पडणं ही औषधांना दाद न देणाऱ्या आयबीएसमध्ये चांगलीच गोष्ट आहे, पण ते "शंभर टक्के" नव्हे. ब्रिटनच्या नाइस संस्थेच्या 2008 च्या मार्गदर्शक सूचनांतही संमोहनाचा विचार कधी करायचा ते लिहिलंय: औषधं 12 महिने देऊनही त्रास चालूच राहिला तर.

उपयोग का होतो? आयबीएसमध्ये आतड्याच्या नसा अतिसंवेदनशील झालेल्या असतात. एरवी ज्या वायूची किंवा हालचालीची जाणीवही होऊ नये, ती वेदना म्हणून मेंदूपर्यंत पोहोचते. मग "आता पळावं लागेल का" ही धास्ती आतड्याची हालचाल आणखी वाढवते. तुमच्या भावाला कामावर निघतानाच त्रास होतो, तो यामुळेच. संमोहनात लक्ष एकाच गोष्टीवर खोलवर टिकतं आणि त्या अवस्थेत दिलेल्या सूचना ही संवेदना आणि ही धास्ती दोन्ही खाली आणतात. शुद्ध हरपत नाही, झोप लागत नाही, आणि माणूस हवं तेव्हा डोळे उघडू शकतो.

प्रत्यक्ष सिटिंग असं असतं. पहिली भेट तासाभराची किंवा थोडी जास्त. त्यात संमोहन करतच नाहीत. इतिहास घ्यायचा, मानसिक आजाराची चौकशी करायची, गैरसमज काढायचे, संमती घ्यायची. दुसऱ्या भेटीपासून 45 ते 60 मिनिटं. दहाएक मिनिटं डोळे एका बिंदूवर स्थिर करून आणि श्वास संथ करून अंग सैल सोडायला शिकवतात. मग दहापासून उलटे आकडे मोजत संमोहनाची अवस्था आणखी खोल करतात. त्यानंतर खरं काम: तळहात पोटावर ठेवून त्याची ऊब आत उतरते आहे अशी सूचना, आणि आतड्याच्या हालचालीसाठी एखादं चित्र. जुलाबाचा त्रास असेल तर पाण्याचा ओघ संथ करायचा, बद्धकोष्ठ असेल तर वाढवायचा. आपल्याकडे गंगापूर धरणाचे दरवाजे हळूहळू खाली येतात आणि गोदावरीचं पाणी निवांत होतं, हे चित्र बऱ्याच जणांना पटकन डोळ्यासमोर येतं. शेवटी एकापासून पाचपर्यंत मोजत पूर्ण जागं करायचं, हातपाय हलवून घ्यायचे आणि काय जाणवलं ते विचारायचं. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनाच्या पद्धतीत 12 आठवड्यांत अशा सात सिटिंग होतात, मँचेस्टरमध्ये 12 पर्यंत. सोबत घरी रोज 15 ते 20 मिनिटं ध्वनिमुद्रण ऐकायचं. घरचा सराव सोडला की आठवड्यातला तो एक तास फारसा पुरा पडत नाही.

कुठे बिघडतं तेही सांगते. एक म्हणजे चित्र रुग्णाला न विचारता ठरवणं. पुरात गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या छातीपर्यंत पाणी चढलेलं पाहून ज्याची झोप उडाली होती, त्याला वाहत्या पाण्याने शांत वाटेलच असं नाही. त्याच्यासाठी दुसरं काही शोधावं लागतं. उंचीची भीती असलेल्याला कल्पनेत जिना उतरवणंही तसंच. दुसरं म्हणजे नकारार्थी सूचना. "पोट दुखणार नाही, घाई होणार नाही" म्हटलं की मनात दुखणं आणि घाईच उभी राहते. "पोट उबदार आहे, सैल आहे, तुमच्या वेळेने चालतंय" असं म्हणायचं. तिसरं म्हणजे भाषा. घरात अहिराणी किंवा साधी बोली बोलणाऱ्या माणसाला पुस्तकी मराठीतलं किंवा इंटरनेटवरचं इंग्रजी ध्वनिमुद्रण दिलं, तर तो अर्थ लावत बसतो आणि लक्ष बाहेरच राहतं. आणि रुग्ण "मी संमोहनात गेलो का, मी गेलो का" असं स्वतःला तपासत राहिला तर काहीच घडत नाही. ही परीक्षा नाही, हे पहिल्याच भेटीत पटवून द्यावं लागतं.

गुण मोजायची सोय आहे. आयबीएसची तीव्रता मोजणारी 0 ते 500 गुणांची प्रश्नावली असते. 300 च्या वर तीव्र, 175 ते 300 मध्यम. 50 गुण कमी झाले तर फरक खरा मानतात. सुरुवातीला, चौथ्या सिटिंगला आणि शेवटी ती भरून घ्यावी. सहा सिटिंगनंतरही आकडा जागचा हलला नसेल, तर मी पुढच्या सिटिंग देत नाही. 12 सिटिंगचे पैसे आगाऊ घेणाऱ्याला असं थांबणं जड जातं. त्यामुळे पैसे दर सिटिंगला द्यायचे, हे आधीच ठरवून घ्या.

एमडी मेडिसिन

वर लिहिलेलं सगळं मान्य आहे, पण क्रम बदला. सिन्नरफाटा, तुमच्या मजकुरातली मला खटकलेली ओळ वजनाची आहे. तीन महिन्यांत तीन किलो, तेही प्रयत्न न करता, हे आयबीएसच्या चित्रात बसत नाही. बाहेरचं खाणं सोडल्यामुळे असेलही, पण ते गृहीत धरून पुढे जाऊ नका. वजन उतरणं, शौचातून रक्त, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, संध्याकाळचा बारीक ताप, हिमोग्लोबिन कमी, घरात कुणाला आतड्याचा कर्करोग, किंवा पन्नाशीच्या आसपास पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास: यातलं एक जरी असलं तरी आधी पुन्हा तपासणी, संमोहन नंतर. आपल्याकडे अशीच लक्षणं देणारा आतड्याचा टीबी कायम डोक्यात ठेवावा लागतो.

दोन वर्षांपूर्वीची कोलोनोस्कोपी चांगली होती म्हणून आजचा प्रश्न सुटत नाही. हिमोग्रॅम, सीआरपी आणि शौचातलं कॅलप्रोटेक्टिन (दोन्ही सूज ओळखायला), आणि टीटीजी आयजीए एवढ्या चाचण्या डॉक्टरांशी बोलून करून घ्या. शेवटची सिलियाक आजाराची, म्हणजे गव्हाचा त्रास ओळखायची. तुमच्या यादीत ती दिसत नाही. एक खबरदारी घ्या: रक्त देईपर्यंत पोळी बंद करू नका. गहू सोडून काही आठवडे झाले असतील तर चाचणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते. बरेच जण नेमकं हेच करतात. इंटरनेटवर वाचून आधी पोळी सोडतात, मग चाचणी करतात आणि निर्धास्त होतात.

संमोहनाचा मला दिसणारा खरा धोका हाच आहे. त्याने वेदना आणि चिंता कमी होते, आणि कारण वेगळंच असेल तर ते झाकलं जातं. माणसाला बरं वाटतं, म्हणून तो सहा महिने उशिरा येतो.

आणि गोळ्या "पहिल्या दिवसापासून बंद" हे सांगण्याचा अधिकार त्या केंद्राला कुणी दिला? वर्षभर रोज घेतलेलं क्लोनाझेपाम एकदम थांबवलं तर झोप पूर्ण उडते, घबराट होते, हात थरथरतात. काहींना फिटही येते. ते कमी करायचं तर ज्यांनी दिलं त्यांच्या सल्ल्याने, थोडं थोडं, आठवड्यांच्या हिशेबाने. ॲमिट्रिप्टिलिन 10 हे इथे नैराश्यासाठी नसून आतड्याच्या नसांसाठी आहे. संमोहनासोबत ते चालू राहायला काहीच हरकत नाही.

गोदाकाठ

"योग्य माणूस कसा ओळखायचा" याचं उत्तर देतो, कारण इथेच सगळ्यात जास्त फसवणूक होते.

संमोहन शिकवणारे दोन-तीन दिवसांचे वर्ग निघतात आणि त्यातून "सर्टिफाइड हिप्नोथेरपिस्ट" बाहेर पडतात. तो कागद म्हणजे उपचार करण्याची पात्रता नव्हे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने नोव्हेंबर 2003 च्या आदेशात संमोहनाला उपचाराची एक पद्धत म्हणून मान्यता दिली, पण नोंदणीकृत डॉक्टरांनी किंवा योग्य प्रशिक्षण घेतलेल्यांनीच ती वापरावी असं म्हटलं. संमोहन ही स्वतंत्र वैद्यकशाखा त्यात मानलेली नाही. त्यामुळे निव्वळ संमोहनाच्या प्रमाणपत्रावर नावामागे "डॉ." लावलेलं असेल तर तिथेच थांबा.

विचारायचं ते एवढंच: तुमची मूळ नोंदणी कुठली? मानसोपचारतज्ज्ञ असतील तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा क्रमांक असतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतील तर रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाचा, ज्याला सीआरआर नंबर म्हणतात. हे क्रमांक संबंधित कौन्सिलच्या संकेतस्थळावर तपासता येतात. क्रमांक विचारल्यावर माणूस चिडला तर उत्तर मिळालं असं समजा. कुणीच सापडत नसेल तर त्र्यंबक रोडच्या जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत जाऊन विचारा, किंवा टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर मराठीत बोला. तिथे संमोहन मिळेल असं नाही, पण पुढे कुणाकडे जायचं ते कळेल.

माझी कसोटी साधी आहे. जो आजार संमोहनाशिवाय हाताळायची पात्रता एखाद्याकडे नाही, तो आजार त्याने संमोहनानेही हाताळू नये. दातांचा डॉक्टर दातांच्या भीतीसाठी संमोहन वापरू शकतो, तोच डॉक्टर नैराश्यासाठी नाही.

पूर्वजन्माबद्दल स्पष्टच लिहितो. संमोहनात आठवणी अचूक होत नाहीत. आठवणीबद्दलची खात्री तेवढी वाढते. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या समितीने 1985 मध्येच हे मांडलं होतं की संमोहनाने "ताज्या" केलेल्या आठवणींत खऱ्यासोबत खोट्याचीही भर पडते आणि दोन्ही सारख्याच ठामपणे सांगितल्या जातात. "तुम्हाला कुणी मारलं?" असा प्रश्न विचारला की मन एक चेहरा पुरवतं. तो चेहरा सासऱ्याचा किंवा मोठ्या भावाचा निघाला की घरात जे सुरू होतं ते सिटिंग संपल्यावर संपत नाही. मुरड्याचं कारण तिथे मिळायची शक्यता शून्य, आणि नात्यांचं नुकसान मात्र खरंखुरं.

बाई किंवा मुलगी रुग्ण असेल तर आणखी एक अट: सोबतच्या माणसाला खोलीत किंवा उघड्या दाराबाहेर बसू द्यायला हवं, आणि न विचारता स्पर्श नाही. याला नाही म्हणणारा माणूस नको.

भूलतज्ज्ञ

विषय आयबीएसचा आहे, पण शीर्षकात "कुणाला लागू पडतो" आहे म्हणून वेदनेबद्दल थोडं. बेल्जियममधल्या लिएजच्या रुग्णालयात 1992 पासून थायरॉइडसारख्या काही शस्त्रक्रिया संमोहन, जागेवरची भूल आणि अगदी हलकं झोपेचं औषध अशा तिहेरी पद्धतीने होतात. जागेवरची भूल सोडलेली नाही, हे लक्षात घ्या. आपल्या देशातला इतिहास तर त्याहून जुना आहे: हुगळीला जेम्स एस्डेल या स्कॉटिश सर्जनने 1845 पासून मेस्मेरिझमच्या, म्हणजे संमोहनाच्या जुन्या रूपाच्या, आधारे मोठमोठ्या गाठी काढल्या. 1846 मध्ये भुलीसाठी ईथर आलं आणि ही पद्धत मागे पडली. कारण सरळ होतं. ईथर प्रत्येकावर चालायचं आणि काही मिनिटांत चालायचं.

आजही मर्यादा तीच आहे. संमोहनाला प्रतिसाद देण्याची क्षमता प्रत्येकात वेगळी असते. 1959 मध्ये तयार झालेल्या स्टॅनफर्डच्या 12 सूचनांच्या मापनावर ढोबळमानाने 10 ते 15 टक्के लोक खूप प्रतिसाद देणारे, तेवढेच जवळपास न देणारे, बाकीचे मधले. नाट्यगृहातल्या प्रयोगात मंचावर शेवटपर्यंत उरतात ते पहिल्या गटातले, म्हणून बघणाऱ्याला वाटतं की हे सगळ्यांवरच चालतं. खूप प्रतिसाद देणाऱ्याची शस्त्रक्रियेतली वेदना संमोहनाने बरीच खाली येते. आयबीएसमध्ये मधल्या गटातल्यांनाही फायदा होतो, तिथे एवढ्या खोल संमोहनाची गरज नाही.

मुलांना सुई टोचताना, भाजलेल्या जखमेचं ड्रेसिंग करताना आणि दातांच्या कामात संमोहन उपयोगी आहे. पाळी गेल्यानंतरच्या गरम वाफांसाठीही: 187 स्त्रियांवरच्या, 2013 मध्ये छापलेल्या चाचणीत पाच साप्ताहिक सिटिंगनंतर 12 व्या आठवड्यात वाफांची संख्या सरासरी 74 टक्के घटली, तुलनेच्या गटात 17 टक्के. धूम्रपान सोडवण्याबाबत मात्र कोक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेच्या 2019 च्या आढाव्यात इतर उपायांपेक्षा संमोहन सरस असल्याचा पुरेसा पुरावा मिळाला नाही. जाहिराती नेमक्या त्याच्याच जास्त दिसतात.

आणि दारू. "तीन सिटिंगमध्ये दारू बंद" हे वाचून रोज पिणाऱ्या माणसाला घरचे तिथे नेतात. तो खरंच एकदम थांबला तर पहिल्या 6 ते 48 तासांत फिट येऊ शकते आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम, थरकाप, ताप. यात जीव जातो. रोज पिणाऱ्याची दारू सोडवायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, बी-1 जीवनसत्त्व आणि झोपेच्या औषधांचं कवच देऊन. संमोहनाची जागा असलीच तर त्यानंतर.

मनोविश्व

भूलतज्ज्ञांनी दारूचं लिहिलं ते बरं झालं. माझ्याकडून कुणाला देऊ नये त्याची भर: भास होणारे, संशयाने ग्रासलेले, उन्मादाच्या अवस्थेतले, आणि आत्महत्येचे विचार चालू असलेले. भास होणाऱ्या माणसाला बाहेरून येणारा सूचनांचा आवाज आणि आतला आवाज वेगळा ठेवणं कठीण जातं. लहानपणी अत्याचार झालेली व्यक्ती सिटिंगमध्ये अचानक रडायला, थरथरायला लागू शकते. तेव्हा काय करायचं हे ज्याला माहीत नाही त्याने तिला हातच लावू नये. डोकं जड होणं, गरगरणं, थोडा वेळ सुस्ती हे किरकोळ परिणाम नेहमीचे.

सिन्नरफाटा

सगळ्यांचे मनापासून आभार. पॅकेजला नाही कळवलं. टीटीजी आणि कॅलप्रोटेक्टिनसाठी याच आठवड्यात डॉक्टरांना भेटतोय, वजनाचंही सांगतो. पोळी चालू ठेवली आहे. भावाने विचारलंय: तपासण्या चांगल्या आल्या आणि योग्य माणूस मिळाला, तर शिफ्टमध्ये रोजचा सराव कधी करायचा? कंपनीच्या बसमध्ये हेडफोन लावून चालेल का? परतताना तो कधी कधी बाइकवर असतो.

मनोविश्व

बाइकवर कधीच नाही, चालवताना नाही आणि मागे बसूनही नाही. सिटिंग झाल्यावरही 15-20 मिनिटं थांबून, चहा-पाणी घेऊन मगच गाडीला किल्ली लावायची. क्लोनाझेपाम चालू असताना तर नक्कीच. बसमध्ये बसून चालेल, पण पहिले दोन-तीन आठवडे नको. सुरुवातीला घरातली एकच जागा आणि एकच खुर्ची ठेवली की शरीर लवकर शिकतं.

घड्याळाची वेळ ठरवू नका, झोपेशी बांधा. तिसऱ्या, म्हणजे रात्रीच्या, पाळीच्या आठवड्यात सकाळी घरी येऊन झोपण्यापूर्वी नको, कारण दमलेला माणूस तिसऱ्या मिनिटाला घोरायला लागतो आणि सराव होत नाही. झोपून उठल्यावर, तोंड धुऊन, जेवणाआधी 15 मिनिटं. पहिल्या आणि दुसऱ्या पाळीतही तसंच, उठल्यावर. आडवं न होता पाठ टेकून बसायचं.

त्याचा त्रास निघतानाचा आहे, म्हणून एक छोटा सराव वेगळा लागेल. अंगठा आणि पहिलं बोट जुळवायचं आणि पोटावरची ऊब आठवायची, हे प्रत्येक सिटिंगमध्ये जोडून घेतात. मग घरून निघायच्या दहा मिनिटं आधी डोळे उघडे ठेवून, उभ्यानेच, पाच-सहा श्वास तेवढं करायचं. पहिल्या आठवड्यात काही जाणवलं नाही तरी चालू ठेवायचं. कुठल्या पाळीत किती वेळा जावं लागलं आणि दुखणं दहापैकी किती होतं, एवढंच रोज रात्री एका ओळीत वहीत लिहायला सांगा. पहिल्या भेटीला ती वही आणि सगळे जुने रिपोर्ट सोबत न्या, आणि त्याच्या पोटाच्या डॉक्टरांचा नंबरही द्या. दोघांचं बोलणं व्हायला हवं.

एमडी मेडिसिन

वही आजपासूनच सुरू करा, संमोहनाची वाट बघू नका. त्यात दर रविवारी वजन टाका, एकाच काट्यावर, सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर. आणखी एक किलो उतरलं तर रिपोर्ट यायची वाट न बघता दाखवा.